फोटोत मासे हवेत

हा फोटो तुमच्या नाहीतर तुमच्या मेव्हण्याच्या फोनमध्ये नक्की सापडेल. हिरवट पाणी. डोळ्यांवर मास्क, तोंडात रबराचा तुकडा, त्यामुळे ओठ फुगलेले. एका हाताची 'ओके'ची खूण, किंवा होडीत दोनदा बजावूनही सवयीनं वर गेलेला अंगठा. (पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मस्त' नव्हे, 'मला वर न्या'. मालवणच्या डायव्हरना पर्यटकाचा अंगठा त्याच्या डोळ्यांकडे बघूनच वाचावा लागतो.) आणि चेहऱ्याभोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची ही गर्दी. खाली लिहिलेलं असतं, 'मालवण डायरीज'.

बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जाते. मला त्या माशांबद्दल लिहायचं आहे, कारण ते तिथं आपणहून आलेले नसतात.

पावसाळा सरला, समुद्र निवळला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर सकाळपासून होड्या उभ्या राहतात. हा हंगाम मे महिन्यापर्यंत चालतो. दिवाळीत आणि नाताळात तर होडीला होडी लागलेली असते. पुणे, कोल्हापूर, बेळगावहून आलेली कुटुंबं. स्कुबा, पॅरासेलिंग आणि बनाना राइड असं एकत्र पॅकेज. आधीच्या गिऱ्हाइकानं नुकताच काढलेला ओला वेटसूट अंगावर चढवण्याची झटापट. कुणी फॉर्मवर न वाचता सही करतं. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असं काही आहे का, हे त्या फॉर्मवर विचारलेलं असतं, आणि सहल बुडू नये म्हणून लोक तिथं बिनदिक्कत 'नाही' लिहितात. मग डायव्हर सूचना देतो. मी ऐकत होतो तो पोरगेला होता, पण आवाजात मास्तरकी होती. "श्वास तोंडानच घेवचो. नाकान नाय. आनि श्वास रोखून धरूचो नाय, काय?"

या शेवटच्या वाक्यात स्कुबाचं निम्मं शास्त्र आहे. 10 मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबाची हवा छातीत भरून, श्वास कोंडून माणूस वर आला तर ती हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा करते. झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ या फ्रेंच जोडीनं 1943 साली जो रेग्युलेटर तयार केला, त्याची करामत हीच की, जितका दाब बाहेर, तितक्याच दाबाची हवा तो मागाल तेव्हा देतो. शिडाच्या होडीवर वाढलेल्या गाबीत मच्छीमार घरातला मुलगा आज ते यंत्र डोळे मिटून जोडतो आणि सोडवतो.

पर्यटक शिडीवरून उतरतो. खोली बेताचीच. डायव्हर मागून त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरतो आणि त्याला खाली नेतो. पोहता येण्याची गरज नाही, अशी जाहिरात असते आणि ती खरीही आहे, कारण पर्यटकानं फक्त श्वास घ्यायचा असतो. खाली एखाद्या खडकाशी त्याला टेकवतात. समोर दुसरा डायव्हर गोप्रो घेऊन तयार. तो कमरेजवळून एक प्लास्टिकची बाटली काढतो, तिच्यात भिजवलेला पाव असतो. बाटली दाबली की पांढरा ढग सुटतो आणि मासे तुटून पडतात. व्हिडिओ, चार फोटो, वर. शिडीशी पुढचा उभाच असतो.

पट्ट्यांचे हे मासे म्हणजे सार्जंट मेजर. नर खडकावर अंड्यांचा जांभळट थर राखत बसतो आणि जवळ येणाऱ्या मोठ्या माशालाही हुसकावतो. एरवी त्याचं खाणं म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव आणि खडकावरचं शेवाळ. पाव हा माशाचा आहार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण रोज ठरावीक जागी आयतं मिळायला लागलं की दोन-तीन धीट जाती तिथं ठाण मांडतात आणि होडीच्या आवाजालाच गोळा होतात. पर्यटकाला वाटतं, समुद्र माशांनी भरलेला आहे. दहा हात बाजूला काय आहे, ते तो बघत नाही.

त्या डायव्हरला मी विचारलं, पाव कशाला टाकता? तो हसला. "गिऱ्हाईकाक फोटोत मासे व्हये. पाव नाय दिलो तर मासे खयसून येतले? आनि मासे नाय इले तर पैसे कोण देतलो?"

त्याचं गणित चुकलेलं नाही. मालवणात स्कुबा विकला जात नाही, फोटो विकला जातो. स्कुबा ही तो फोटो काढण्याची खटपट आहे. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं बरंच उलगडतं.

आता त्या खडकांविषयी. किल्ला कुरटे बेटावर 1664 ते 1667 या काळात उभा राहिला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच बेटाभोवतीच्या बुडालेल्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, हे मात्र शास्त्रीय वाङ्मयात यायला 1979 साल उजाडलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी असं प्रवाळ असल्याची नोंद केली, त्यात मालवण होतं. 1987 मध्ये सरकारनं मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. एकूण क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3 चौरस किलोमीटरहून थोडा अधिक; किल्ला आणि पद्मगड त्या गाभ्यात येतात. मच्छीमारांनी तेव्हापासून या अभयारण्याला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना न विचारता कागदावर रेघ मारली तर दुसरं काय होणार? तो अविश्वास अजून पुरता गेलेला नाही. परिणामी, मासेमारीवर वाद झडत राहिले आणि त्याच गाभ्याच्या पाण्यात पर्यटन मात्र फारशी वाच्यता न होता वाढलं.

मालवणचं प्रवाळ पाहून अंदमान पाहिलेला माणूस नाक मुरडतो. इथं निळंशार पाणी नाही, हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळाची राने नाहीत. पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात, पाणी गोडसर होतं, चार महिने उजेड कमी. अशा जागी जे टिकतं ते चिवट असतं. गोल गोट्यांसारखं पोराइट्स, आणि त्याहून देखणं टर्बिनेरिया.

टर्बिनेरियाची एक वसाहत मी पोटावर तरंगत, एक हात अंतरावरून बराच वेळ पाहिली. निऱ्या घातलेल्या कापडासारखे उभे, वळलेले पापुद्रे; रंग शेवाळी-तपकिरी, कडा फिकट, कारण वाढ कडेला चालू असते. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे, प्रत्येक उंचवट्यात एक पॉलिप. काही पॉलिपांनी दिवसाही तोंडं उघडून स्पर्शकं बाहेर काढलेली. पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर साखर बनवतं आणि तीतला मोठा वाटा यजमानाला देतं. त्या जोरावर पॉलिप खाली चुनखडीचं घर बांधत जातो. गोट्यांसारख्या जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्या पापुद्र्याच्या एका कडेला बोटभर लांबीची पांढरी जखम होती आणि जखमेच्या जुन्या भागावर हिरवं शेवाळ चढू लागलं होतं. नांगर, डायव्हरच्या पायातलं फिन की कुणाची टाच, ते सांगता येत नाही. पण उतरायची शिडी तिथून जवळच होती.

गोव्याच्या त्याच संस्थेतल्या कल्याण डे आणि सहकाऱ्यांनी 2020 साली 'मरीन पोल्युशन बुलेटिन'मध्ये मालवणवर निबंध लिहिला. डायव्हिंग आणि बेशिस्त पर्यटनामुळे प्रवाळ तुटतंय, आणि नेमक्या टर्बिनेरियाच्या या जातीत ऊती मरण्याचं प्रमाण मोठं आहे, असं त्यात दाखवलेलं आहे. मला त्यातली आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. 2015 च्या अखेरीपासून 2016 च्या मेपर्यंत मालवणच्या प्रवाळाचं मोठं विरंजन झालं होतं. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर पॉलिप आतलं शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. प्रवाळ तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी निवलं तर सावरतं. अशा सावरणाऱ्या वसाहतींवर पर्यटकांचे पाय पडत होते.

हे सांगायचं कारण, व्यवसायातली जाणती माणसंही एक युक्तिवाद करतात: समुद्रच तापतोय, तिथं एका फिनचं काय घेऊन बसलात? तापतोय, यात वाद नाही. लक्षद्वीपमध्ये तर डायव्हरांची अशी गर्दी नाही, तरी 1998 पासूनच्या नोंदी पाहिल्या तर तिथलं जिवंत प्रवाळ निम्म्यावर आलं आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेनं चौथं जागतिक विरंजन चालू असल्याचं जाहीर केलं. पण ताप आलेल्या माणसाला वरून लाथ घालायची नसते. समुद्राचं तापमान मालवणच्या जेटीवरून कमी करता येणार नाही, शिडी कुठं सोडायची हे मात्र तिथंच ठरतं.

आणि कॅमेरा? कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर नोला बार्कर आणि कॅलम रॉबर्ट्‌स यांनी 353 डायव्हरांच्या मागे पोहून, कोण किती वेळा प्रवाळाला लागतं ते मोजलं. निष्कर्ष 2004 साली छापले. कॅमेरा नसलेले मिनिटाला सरासरी 0.1 वेळा लागत होते, कॅमेरावाले 0.4 वेळा. चाळीस मिनिटांच्या डाइव्हला चार विरुद्ध सोळा. कारण उघड आहे. डोळा स्क्रीनवर असला की पाय कुठं आहेत ते कळत नाही. त्या अभ्यासात आणखी एक चाचणी होती. उतरण्याआधीच्या सूचनांमध्ये 'प्रवाळाला हात लावू नका' हे वाक्य घालून पाहिलं. काडीचा फरक पडला नाही. पण पाण्याखाली गाइडनं लागणाऱ्या डायव्हरला तिथल्या तिथं थांबवलं, तेव्हा स्पर्श 0.3 वरून 0.1 वर आले.

मालवणसाठी ही बातमी दोन्ही अंगांनी लागू पडते. इथला पर्यटक पोहतच नाही, त्याला धरून नेलेलं असतं. तो कशावर टेकेल, हात कुठं ठेवेल, हे त्याच्या हातात नाही. खडकाला धरून बसा म्हटलं तर बसतो. म्हणजे जबाबदारी पूर्णपणे मागे सिलिंडर धरून असलेल्या माणसाची. ती वाईट गोष्ट आहेच, पण सोयीचीही आहे, कारण हजारो पर्यटकांना शिकवण्यापेक्षा गावातल्या डायव्हरना तयार करणं केव्हाही सोपं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी इथल्या मच्छीमार तरुणांना स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंगमध्ये आणलं. जाळ्याला मासळी कमी लागते, यांत्रिक पर्ससीन जाळीवाल्यांशी भांडून दमलेले बाप पोराला 'तू स्कुबात जा' म्हणतात, आणि तो जातो. त्याला खडक न्‌ खडक ठाऊक असतो. त्याला पाव टाकायला लावतो तो आपला फोटोचा हट्ट.

तो फोटोसुद्धा चांगला येत नाही, हे आता सांगून टाकतो. पाणी लाल रंग आधी खातं. पाचेक मीटरवर लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. निळ्या पाण्यात यावर लाल फिल्टर लावतात. मालवणच्या हिरव्या पाण्यात जांभळट-गुलाबी, ज्याला मॅजेंटा म्हणतात तो लागतो. फ्लॅश लावावा तर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत हिमवर्षाव होतो. त्यात पावाचा चुरा मिसळला की मग विचारायलाच नको. म्हणून जाणकार फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाहीत, लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना ठेवतात, म्हणजे लेन्ससमोरचे कण थेट उजळत नाहीत. पाण्याखालच्या उजेडाची ही लढाई जुनी आहे. लुई बुताँ यानं फ्रान्सच्या बान्यूल्सच्या किनाऱ्यावर 1893 मध्ये पाण्याखाली फोटो काढले. 1926 साली फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला नैसर्गिक रंगीत फोटो घेतला तो तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड उडवून. एका माशाच्या फोटोसाठी स्फोट! त्यापुढं पावाची बाटली सौम्यच म्हणायची.

गढूळ पाण्यावर उपाय एकच: मधलं पाणी कमी करा, म्हणजे विषयाच्या जवळ जा. माणूस, मासे आणि मागं खडक असा मोठा देखावा मालवणच्या पाण्यात धूसरच येणार. हे पाणी लहान गोष्टींचं आहे. कवच नसलेली, नखाएवढी रंगीत समुद्री गोगलगाय, जिला न्यूडिब्रँक म्हणतात; खडकाच्या भोकातून डोकं बाहेर काढून बघणारी ब्लेनी; समुद्रपंख्याच्या फांदीवर त्याच रंगाचा बसलेला खेकडा. त्यांना पाव लागत नाही. त्यांना लागतो वेळ, आणि आपल्याला लागतो तोल.

तोल म्हणजे काय ते तारकर्लीच्या तलावात शिकणाऱ्यांकडे बघितलं की कळतं. जॅकेटमध्ये थोडी हवा, कमरेला वजनं, आणि मग सगळं श्वासावर. श्वास घेतला की एक क्षण काही होत नाही, मग शरीर हळूच वर चढतं. सोडला की तसंच उशिरानं खाली येतं. नवशिक्या त्या एका क्षणाला घाबरतो, आणखी हवा भरतो आणि बुचासारखा वर जातो. सरावलेला माणूस श्वास अर्ध्यातच वळवतो. पाय गुडघ्यात दुमडून बेडकासारखे मागे मारतो, म्हणजे तळाची वाळू उडत नाही. हे जमल्याशिवाय कॅमेरा हातात देऊ नये, असं चांगले प्रशिक्षक सांगतात, आणि मला तो नियम सक्तीचा करावासा वाटतो. पाण्याखालच्या छायाचित्रणात कॅमेऱ्याच्या महागड्या जलरोधक पेटीला, म्हणजे हाउसिंगला, मान फार आहे. तिथली निम्मी रक्कम आधी प्रशिक्षणावर घालावी.

ज्यांना हे जमेल त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या समुद्रात एक मोठी जागा आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक. तिचा माथाच वीसेक मीटर खाली आहे, म्हणजे ओपन वॉटरच्या पहिल्या प्रमाणपत्राची 18 मीटरची मर्यादा जिथं संपते त्याच्याही खाली. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. तिथं धरून नेलेला पर्यटक जाऊच शकत नाही, हे तिचं भाग्य.

सरकारनं काय करावं, हे सांगायला फार डोकं लागत नाही. होड्यांसाठी कायमचे बोये बांधले तर नांगर प्रवाळावर पडणार नाहीत. एका खडकावर एका वेळी किती माणसं, हे ठरवून ते पाळायला लावावं. कायदा आहेच, 2001 पासून पाषाणी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढलेला मी पाहिलेला नाही.

पण बोये येतील तेव्हा येतील. बाजार आजही आपल्या हातात आहे. मालवणचं बुकिंग करायला फोन लावाल तेव्हा दरावर घासाघीस करण्याआधी विचारा की, तुम्ही पाव टाकता का, आणि माणसाला वाळूवर टेकवता की खडकावर. दम्याचं आणि हृदयाचं खरं सांगा. खाली गेल्यावर हात छातीशी बांधून ठेवा आणि पोहणं डायव्हरवर सोडा. मासे दोनच आले तर दोनच येऊ द्या. डायव्हरला सांगा, माझा चेहरा राहू दे, त्या खडकावरचं काहीतरी बारीक दाखव. तो दाखवेल, त्याला सगळं ठाऊक असतं, फक्त कुणी विचारत नाही. आणि वर आल्यावर, पाव न टाकणाऱ्याला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्या.